देवकाबाईंनी विचारलं होतं

शिबिरांमध्ये मी एका बाईची गोष्ट सांगायचो. गोंदिया जिल्ह्यात मधुमेहाच्या शिबिरांना जे आले असतील, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ती माझ्या तोंडून ऐकली असेल. एक शेतकरी घरातली बाई होती. तिच्या तळपायांची आग व्हायची. आम्ही उपचार केले, आग थांबली. अनवाणी चालायचं नाही असं तिला बजावलं होतं. तिने ऐकलं नाही. चिखलात उतरली, काटा रुतला, तिला कळला नाही, आणि गुडघ्याखालून पाय गेला. इथे मी थोडा थांबायचो. मांडवातली माणसं खाली बघायची आणि आपापले पाय लुगड्याखाली, धोतराखाली ओढून घ्यायची. गोष्ट नेमकी बसायची.

काटा खरा, चिखल खरा, पाय गेला तेही खरं. ‘तिने ऐकलं नाही’ हे खोटं. ते माझं आहे.

या अंकाच्या संपादकांनी मला दवाखान्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं होतं. गमती होत्याच, त्याही सांगतो. पण त्या गोष्टीपाशी गेल्याशिवाय हा लेख मला संपवता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कुडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा दवाखाना होता. लोक मला ‘शुगरवाले डॉक्टर’ म्हणत. शुगर बरीच वर्षं अंगात राहिली की पायाच्या नसा खराब होतात. काहींच्या पायाला मुंग्या येतात, काहींना निखाऱ्यावर उभं केल्यासारखं वाटतं. अंगावरची चादर पायाला लागली तरी माणूस ओरडतो. गोळ्या देऊन थोडं भागतं, पण झोप येते, तोल जातो. यात एक विचित्र गोष्ट आहे, ती बाहेरच्या माणसाला पटत नाही. ज्या पायाची आग होते, त्याच पायाला काटा टोचला तर पुष्कळदा कळत नाही. बिघडलेली नस खोटं ओरडते आणि खरं सांगायचं तेव्हा गप्प बसते.

दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत अशा दुखण्यावरच्या एका नव्या इंजेक्शनची चाचणी निघाली. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांबरोबर माझाही दवाखाना निवडला गेला. औषधाचं नाव लिहीत नाही. ते पुढे बाजारात आलंच नाही, त्यामुळे नावाने काही बिघडतही नाही. मला मात्र तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं. भाताच्या गिरण्यांच्या गावातला मी डॉक्टर, आणि माझ्या टेबलावर चाचणीच्या बाटल्या!

चाचणी म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. बाटल्या हुबेहूब सारख्या, वर फक्त नंबर. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही आणि टोचणाऱ्या डॉक्टरलाही नाही. माहीत असलं की डॉक्टरच्या चेहऱ्यावर दिसतं आणि रुग्णाला उगीच बरं वाटू लागतं. हे सगळं प्रत्येकाला आधी समजावून सांगावं लागे, तेव्हाच त्याची संमती धरता येई. गावातले एक राइस मिलवाले शेठ सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, “समझ गया डॉक्टरसाब. बस हमको पानीवाला मत देना. पहचान का आदमी हूँ.” मलाही ठाऊक नसतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. दर वेळी टोचून झालं की डोळा मारून विचारायचे, “असलीवाला था ना?”

पोटरीत इंजेक्शन द्यायचं आणि पुढच्या वेळी विचारायचं, शून्य ते दहापैकी किती दुखतं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. शहरात हा प्रश्न सोपा असेल. चिचगडकडचे एक म्हातारे बाबा माझ्यावरच उखडले.

“दहा कायचे? सोळा आणे धरा ना.”

“बरं, सोळा आणे. मग किती?”

“कालपर्यंत चौदा आणे होतं. आता तुमचं तोंड पाहून बारा म्हनतो.”

पिकाचा अंदाज आण्यांत सांगणाऱ्या माणसाला दुखणंही आण्यांतच कळणार. मी मनातल्या मनात हिशेब करून दहाच्या मापात बसवायचो. आण्यांचा हिशेब जमला. ‘तुमचं तोंड पाहून’ हे मात्र कोणत्याच मापात बसत नव्हतं. आमच्या भागातला माणूस बोलायला रोखठोक, पण डॉक्टरने इतकी मेहनत घेतली आणि मी अजून दुखतंच म्हणतो, याची त्याला लाज वाटते. मला हे ठाऊक होतं. बाबांच्या बाबतीत मी हसलो आणि सोडून दिलं. पुढे माझ्याच तोंडावर आनंद मावेना, तेव्हा ते आठवलं नाही.

देवकाबाई त्याच चाचणीत आल्या. तलावाकाठचं त्यांचं गाव. तो तलाव त्यांच्या सासरच्याच कोणा पूर्वजाने बांधलेला, आणि ते पहिल्या भेटीत दहा मिनिटांत कळलं. उंच, सावळ्या, बोलायला खणखणीत. नवरा सुखरामजी बरोबर असायचे, पण बोलायच्या ह्याच.

“दोन साल झाले जी, मी बांधीत पाय नाई टाकला,” त्या म्हणाल्या. “चिखलात पाय गेला का आग मस्तकात जाते.”

“बांधीत तुम्ही कशाला जाता? घरी मजूर आहेत ना?”

सुखरामजी हसले. “ते सांगा तिले! आमच्या घरचा रिवाज आहे डॉक्टरसाहेब. पाळीखालच्या पयल्या बांधीत पऱ्ह्याची पयली पेंडी घरच्या मोठ्या सुनेनं लावाची. मंग बाया हात लावतेत.”

“दोन सालापासून जाऊ लावते,” देवकाबाई म्हणाल्या. “वाकडीतिकडी लावते, अन् वरून मले दाखवाले बोलावते.”

बांधी म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, पाळ म्हणजे तलावाची भिंत, पऱ्हे म्हणजे भाताची रोपं आणि पेंडी म्हणजे त्यांची जुडी. देवकाबाईंच्या जावेने लावलेली रोपं वाकडी होती की नाही देव जाणे. पण या बाईला नेमकं काय परत हवं आहे ते मला त्या दिवशी कळलं. झोप हवी होती, आग थांबायला हवी होती, पण सगळ्यात आधी ती पेंडी.

पहिल्या भेटीत आम्ही पाय तपासत असू. त्यासाठी नायलॉनचा एक जाडसर दोरा असतो, मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा, छोट्या दांडीत बसवलेला. रुग्णाने डोळे मिटायचे. तळव्याला दोरा टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, “लागला?” देवकाबाईंना त्या वेळी बऱ्याच ठिकाणी लागला होता. अनवाणी चालू नका हेही त्याच भेटीत सांगितलं. सगळ्यांना सांगायचो, त्यांनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. अंगावर चांगलं लुगडं आणि पायात नवी चप्पल होती. दवाखान्यात येणारा प्रत्येक पाय धुतलेला आणि चपलेतला असतो. तो घरी कसा असतो हे मी कधी पाहायला गेलो नाही.

दोऱ्याची तपासणी पुन्हा करायची ती एकदम शेवटी, असं ठरलेलं होतं. मध्ये करायला कोणाची मनाई नव्हती. दोरा माझ्याच टेबलाच्या खणात होता.

हळूहळू देवकाबाईंचा आकडा उतरू लागला. नवावरून सात, सातावरून चार. त्या झोपू लागल्या. मी शहरातल्या डॉक्टरांना फोनवर त्यांच्याबद्दल सांगू लागलो. नाव सांगायचं नसतं, म्हणून ‘माझी तलाववाली पेशंट’ म्हणायचो. हिला नक्की खरं औषध आहे, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. शेठ डोळा मारून विचारायचे तेव्हा मी हसायचो, आणि आतून मीही तेच करत होतो.

मग रोवणीचे, म्हणजे भात लावायचे, दिवस आले. देवकाबाई सकाळीच दवाखान्यात हजर, घाईत. गावात चिखलणी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी रोवणी लागणार होती.

“किती, देवकाबाई?”

“काईच नाई जी. शून्य.”

“काहीच नाही?”

“पाय हाय का नाई तेही समजून नाई राहिलं. इतकं हलकं वाटते.”

हे वाक्य मी किती वेळा मनात परत ऐकलं आहे. ज्या डॉक्टरने पंचवीस वर्षं असेच पाय पाहिले, त्याला हे ऐकून खुर्चीतून उठायला हवं होतं. पाय आहे की नाही ते समजत नाही, म्हणून तर तो दोरा असतो. मी आनंदात होतो. शून्य! माझ्या दवाखान्यातलं पहिलं शून्य.

त्या दाराशी गेल्या आणि वळल्या.

“डॉक्टरसाहेब, मंग उद्या बांधीत उतरू का? तुमी चप्पल घालाले सांगतलं होतं. चिखलात चप्पल नाई चालत. म्हनून विचारतो.”

आमच्याकडे बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, ‘मी विचारतो’, ‘मी जातो’. त्यांनी स्वच्छ विचारलं. माझी सूचना आठवून, तिच्यातली अडचण सांगून विचारलं. सुखरामजी तोवर बाहेर मोटरसायकल सुरू करत होते, त्यांनी ऐकलं नाही. आणि मी म्हणालो, “आता दुखत नाही ना? मग जा खुशाल. लावा तुमची पेंडी.”

त्या हसल्या. एवढी करारी बाई माझ्या एका शब्दाने इतकी हसली, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

काटा बाभळीचा होता. गुरं येऊ नयेत म्हणून शेताच्या कडेला धुऱ्यावर टाकलेल्या फांदीचा. त्या दिवसभर चिखलात होत्या. पुढचे काही दिवसही गेल्या, कारण पाय हलका होता. सारवलेल्या ओसरीवर सासूच्या पावलाचा ओला डाग उमटतो, हे त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं. त्याला वास येत होता. माझ्याकडे आणलं तेव्हा तळवा आतून पोखरला गेला होता. मी काटा काढला तरी त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. मला विचारत होत्या, “निंगाला काय?” आता मी दोरा काढला. तळव्यावर एकाही ठिकाणी लागला नाही. दुसऱ्या पायालाही नाही.

नागपूरला पाठवलं. पाय वाचला नाही.

चाचणी चालवणाऱ्यांचा फोन आला. अशी घटना घडली की ते विचारतातच. पलीकडचा तरुण डॉक्टर सभ्य होता. “पायाची काळजी घेण्याबद्दल रुग्णाला सांगितलं होतं ना, सर?”

“सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“मग रुग्णाने पाळलं नाही.”

मी गप्प राहिलो. त्याने ते ‘हो’ समजून घेतलं. मीही घेऊ दिलं. सांगितलं होतं हे खोटं नव्हतं. त्यानंतर देवकाबाईंनी विचारलं होतं आणि मी जा म्हणालो होतो, हे कोणी विचारलं नाही.

काही महिन्यांनी नंबर उघडले. देवकाबाईंना मिठाचं पाणी मिळत होतं, पहिल्यापासून. म्हणजे आग कशाने विझली? सुरुवातीचं थोडं श्रेय आमच्या विचारपुशीला असेल. पण शून्य झालं ते वेगळ्या कारणाने, असं मी आज मानतो. नसा दुखत होत्या, कारण त्या अजून जिवंत होत्या. त्या मेल्या, आणि मी टाळ्या वाजवत होतो.

त्यानंतर मी शिबिरांत ती गोष्ट सांगू लागलो. का, याचं उत्तर माझ्यापाशी एकच आहे. पुन्हा पुन्हा सांगितली की ती तशीच घडली असं मला वाटू लागायचं. चांगल्या कामासाठी सांगतो आहे, लोक चपला घालू लागतील, असंही होतं. लोक खरंच घालू लागले. ते मला नाकारता येत नाही, आणि त्याने माझी सुटकाही होत नाही.

एकदा देवकाबाईंच्याच भागातल्या एका शाळेत शिबिर होतं. गोष्ट सांगून झाली. लोक रक्त तपासायला रांगेत उभे राहिले. रांगेत सुनेचा हात धरून, नकली पायावर, देवकाबाई आल्या. मागच्या सतरंजीवर त्या बसल्या असणार, मी पाहिलंच नव्हतं. बोट पुढे करत त्यांनी विचारलं, “ते बाई कोन्या गावची होती जी?”

माझ्या तोंडून निघालं, “लांबची.”

“बिच्चारी. विचारून घ्या लागत होतं तिनं.” त्या माझ्याकडे बघत होत्या. “मी तं तुमाले विचारलं होतं.”

त्यांना खरंच दुसरी बाई वाटली, की त्या मला संधी देत होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांच्या बोटावर कापूस दाबला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ती गोष्ट सांगणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं. चूक सुधारली, अशी स्वतःची समजूत घातली. पण सांगितलेली गोष्ट गावोगाव फिरतच होती.

दवाखाना मी केव्हाच बंद केला. मलाही शुगर आहे. गेली काही वर्षं माझ्याही पायांची आग व्हायची. गेल्या वर्षी ती थांबली. दोन दिवस मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी जुन्या सामानातून दोरा शोधून काढला, सुनेला कसा दाबायचा ते दाखवलं आणि डोळे मिटून पाय लांब केले.

“लाव,” मी म्हणालो.

“लावला बाबा. केव्हाचा.”

त्याच आठवड्यात मी देवकाबाईंच्या गावी गेलो.

अंगणात त्या बाजेवर बसल्या होत्या, नकली पाय शेजारी उभा करून ठेवलेला. सुखरामजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला तिथे कळलं. मुलाने मला ओळखलं. “आता कायले आले जी?” एवढंच म्हणाला. बसा म्हणाला नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. तुमच्या आईने मला विचारलं होतं. मी जा म्हणालो होतो. दोरा लावून पाहायला हवा होता, पाहिला नाही. त्यांनी ऐकलं नाही असं मी सांगत राहिलो, ते खोटं होतं. आणि जे टोचत होतो ते औषध नव्हतं, मिठाचं पाणी होतं.

मग देवकाबाई म्हणाल्या, “पानी टोचत होते? मंग आमच्या तलावाचं तरी टोचाचं. गोड आहे.”

सून तोंडाला पदर लावून हसली आणि लगेच गप्प झाली, कारण सासू हसत नव्हती.

“ऐकलं ना रे?” देवकाबाई मुलाला म्हणाल्या. “तुमी सारे म्हनत होते, आईनं आयकलं नाई. मी सांगो का मी विचारलं होतं, तं तुहा बाप म्हने, डॉक्टर सभेत माईकवर सांगते ते खोटं, अन् तू खरी?”

मुलगा खाली बघत होता. तेव्हा मला कळलं की माझी गोष्ट या घरापर्यंत किती आधी पोचली होती, आणि इथे तिने काय केलं होतं. पाय एकदा गेला. त्यांच्या शब्दाची किंमत मात्र रोज जात होती, त्यांच्याच ओसरीवर.

देवकाबाईंनी कुडापलीकडे हाक मारली. “वो बाई! इकडं ये. डॉक्टर काय सांगून राहिले ते आयक.”

जाऊ आली. म्हातारी, कमरेत वाकलेली. “पुन्हा सांगा,” देवकाबाई मला म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. शेजारचं कोणी आलं, तेव्हा पुन्हा. एका माणसाला कमी ऐकू येत होतं, त्याच्यासाठी मोठ्याने. सगळं सांगून झालं की देवकाबाई मान हलवायच्या, पेंडी सरळ लागलेली पाहून हलवावी तशी. शेवटी त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. मुलगा चहाला थांबला नाही, बैल सोडून निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही.

निघताना मी हात जोडले. माफी मागितली. मी फाटकाशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

“डॉक्टरसाहेब.”

मी वळलो. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात त्या वळल्या होत्या, तसा.

“आमचे मालक तं तसंच समजून गेले जगातून. त्याईले आता कोनी सांगू शकत नाई. पन तुमच्या शिबिरातले लोक आहेत ना अजून. त्याईले कोन सांगन?”

म्हणून हे लिहिलं. देवकाबाईंनी विचारलं होतं.